भातकापणी आणि मोहोर यांच्या मधल्या सवडीत इजिप्त : काय ठेवावे, काय गाळावे?

देवगडचा बागायतदार

नमस्कार. मी, पत्नी आणि ६९ वर्षांची आई असे तिघे इजिप्तला जाण्याचा विचार करत आहोत. मार्च ते मे आंब्याचा हंगाम, पावसाळ्यात खते आणि बेणणी, ऑक्टोबरात भातकापणी आणि थंडी पडू लागली की मोहोराच्या फवारण्या. त्यामुळे दिवाळीच्या आसपासचे दहा-बारा दिवस एवढीच काय ती सवड मिळते. त्या काळात तिथे उन्हाचा त्रास कितपत होतो? आईचे गुडघे दुखतात, जिने तिला जमत नाहीत. मात्र पिरॅमिड पाहायची इच्छा मुळात तिचीच आहे. एका प्रवास कंपनीने आठ दिवसांत कैरो, अलेक्झांड्रिया, लक्सर, अस्वान, अबू सिम्बेलची मंदिरे आणि लाल समुद्रावरचे हुरघाडा असे सगळेच बसवून दिले आहे. यातले काय गाळावे? आई शाकाहारी आहे, हेही सांगून ठेवतो.

गुहागरचा निवृत्त शिक्षक

आम्ही दोघे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, तेव्हा आपली सवड योग्य काळातच येते असे म्हणेन. उन्हाळ्यात लक्सर-अस्वानचा पारा चाळिशीच्या वर असतो. आम्हाला दुपारी तिशीच्या आसपास तापमान मिळाले. आपल्यासारखा घाम तिथे येत नाही, हवा कोरडी असते, आणि म्हणूनच पाणी प्यायचे राहून जाते. आईंच्या हाती बाटली असू द्यावी.

हुरघाडा निःशंकपणे गाळावे. देवगडच्या माणसाने समुद्रासाठी तिथे जाणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. अलेक्झांड्रियाही वगळावे, कारण जाण्यायेण्यात पूर्ण दिवस मोडतो. कैरोला तीन दिवस, मग विमानाने लक्सर आणि तिथून नाईलमधून अस्वानपर्यंत तीन रात्रींची बोट, हा क्रम गुडघेदुखीच्या माणसाला मानवतो, कारण रोज सामान बांधावे लागत नाही आणि एडफू व कोम ओम्बो ही मंदिरे वाटेतच होतात. एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही. धक्क्याला चार-पाच बोटी एकमेकींना खेटून लागलेल्या असतात आणि आपल्या बोटीवर पोहोचायला दुसऱ्या बोटींच्या दिवाणखान्यांतून जावे लागते. धक्क्याच्या पायऱ्यांवर आईंना हात द्यावा लागेल.

खुफू राजाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या पिरॅमिडच्या आत आईंना नेऊ नये. वाट अरुंद आणि चढाची आहे, बराच वेळ कमरेत वाकून चालावे लागते, आणि शेवटी दिसते ती ग्रॅनाइटची रिकामी शवपेटी. मी हट्टाने गेलो आणि पुढचे दोन दिवस पाय धरून बसलो. त्याऐवजी जवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमला अख्खा दिवस द्यावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पूर्णपणे खुले झाले, तुतनखामुन राजाच्या थडग्यातल्या ५,००० हून अधिक वस्तू तिथे एकत्र मांडल्या आहेत, आणि वर जायला लिफ्ट व सरकते जिने आहेत. राजघराण्यातील ममी मात्र तिथे नाहीत. त्या २०२१ पासून फुस्तात भागातील दुसऱ्या संग्रहालयात आहेत.

लक्सरच्या राजांच्या खोऱ्यात साध्या तिकिटावर तीनच थडगी पाहता येतात. चौथ्या रामसेसचे निवडावे, कारण तिथे वाट रुंद आणि उतार सौम्य आहे. तुतनखामुनसाठी वेगळे तिकीट लागते. थडगे लहान आहे, पण त्याची ममी अजून तिथेच आहे. अबू सिम्बेल अस्वानहून जवळजवळ ३०० किलोमीटर आहे; आईंसाठी मी तेही गाळले असते.

लांज्याचा चिरेखाणवाला

गुरुजींचे बाकी सारे मान्य, अबू सिम्बेलबाबत मात्र नाही. माझा जन्म दगडात गेला, म्हणून लिहितो. अस्वानच्या धरणाचे पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात डोंगरात कोरलेली ती मंदिरे कापून, हजाराहून अधिक तुकडे करून, सुमारे ६५ मीटर उंच जागी पुन्हा जुळवली आहेत. आम्ही जांभ्याचे चिरे काढतो; एक चिरा सरळ बसवायला किती डोके लावावे लागते ते आम्हालाच ठाऊक. अस्वानहून विमानानेही जाता येते, तेव्हा खर्च झेपत असेल तर आईंना न्यावेच. अस्वानमध्येच अर्धवट सोडलेला एक ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा उंच निमुळता स्तंभ, खाणीत आडवा पडलेला आहे. तो सुमारे ४२ मीटर लांब आहे, आणि कोरता कोरता तडा गेला म्हणून तसाच राहिला. आमच्याकडे तडा गेलेला चिरा गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला तरी लागतो.

रेवदंड्याची वाचक

लक्सरच्या पश्चिम काठावर हत्शेपसुत राणीचे मंदिर पाहाल, तेव्हा तिने दूरच्या पुंत देशाला पाठवलेल्या सफरीची कोरीव भिंत चुकवू नका. गलबतांच्या खाली पाण्यातले मासे इतके बारकाईने कोरले आहेत की आपल्याकडची कोळीण उभी राहून नावे सांगू लागेल. नव्या संग्रहालयातली खुफूची नौकाही पाहावी. सुमारे ४३ मीटर लांबीच्या त्या नौकेच्या फळ्या दोरांनी बांधलेल्या आहेत. फळ्या काथ्याने शिवून होड्या करण्याची रीत आपल्या किनाऱ्यालाही होती. आमच्या चौलचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात 'सेमुल्ला' असा येतो, आणि लाल समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात हिंदुस्थानी रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. बेरेनिके आपल्या वाटेवर नाही, पण हे ठाऊक असले की नाईलकाठी परके वाटत नाही.

देवगडचा बागायतदार

सर्वांचे आभार. अलेक्झांड्रिया आणि हुरघाडा गाळले. अबू सिम्बेलचा निर्णय आईवर सोडला होता; ती म्हणाली, "एवढे लांब जायचे तर तेही बघू." आता विमानाचे भाडे पाहतो. तिच्या जेवणाचे तेवढे कोणी सांगावे.

गुहागरचा निवृत्त शिक्षक

न्याहारीला 'फूल' नावाची शिजवलेल्या बाकल्याची उसळ आणि गव्हाची भाकरीसारखी रोटी सर्वत्र मिळते. दुपारी 'कोशारी' मागवावी : भात, मसूर, मॅकरोनी, टोमॅटोचा रस्सा आणि वर तळलेला कांदा. सोबत मेतकूट न्यावे, आणि सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. बक्षिसाला तिथेही 'बक्शीश'च म्हणतात आणि ते पावलोपावली मागतात.