चेलोवर सूर बरोबर लागतात पण फ्रेज होत नाही, गजाचं काय चुकतंय?

जुळे_सोलापूर:
नमस्कार मंडळी, इथे चेलो (व्हायोलिनसारखंच गजाने वाजवायचं, पण मोठं वाद्य) शिकवणारं कुणी मिळालं नाही म्हणून दीड वर्ष ऑनलाइन शिकतेय, सध्या जर्मन संगीतकार बाखच्या पहिल्या सुइटचं (तुकड्यांच्या मालिकेचं) प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, चालू आहे. सूर चुकत नाहीत, लय पण धरून असते, पण रेकॉर्डिंग ऐकलं की पाढे म्हटल्यासारखं वाटतं आणि मधूनच एखादा स्वर उगाच मोठा येतो. सर म्हणतात फ्रेज कर, स्वर सुटे नको, वाक्यासारखे जोडून वाजव. पण म्हणजे हाताने नक्की काय करायचं?

रेल्वे_लाइन्स:
ताई, तो मोठा येणारा स्वर कितवा ते आधी बघा. पहिले तीन स्वर एका गजात आणि चौथा सुटा घेत असाल तर बहुतेक तो चौथाच असणार, कारण तीन स्वरांत गज जेवढा खाली गेला तेवढा सगळा एकाच स्वरात वर आणला जातो, म्हणजे वेग तिप्पट, मग तो ओरडणारच की. तिथे गज कमी वापरा, वजन काढून घ्या. हात टोकाकडे सरकला तर सरकू दे, पुढे कुठेतरी भरून निघतो.
आणि मोकळ्या डी तारेवर रोज दहा मिनिटं द्या. घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) गज हळू आणि वजनदार, की आवाज भरीव येतो. फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटं दाबतो त्या पट्टीकडे, हलका आणि वेगात, की हवेशीर. स्वर तोच, स्वभाव वेगळा. मला हे कळायला लई वर्षं गेली.

पूर्वभाग_७४:
आधी गाऊन बघा हो. प्रत्येक मापाचा (तालाच्या एका आवर्तनाचा) पहिला खालचा स्वर जरा रेंगाळून म्हणा, बाकीचे त्याच्या अंगावर टेकलेत असं समजून, श्वास जिथे संपतो तिथे गज संपू द्या. बोइंगसाठी, म्हणजे गज कुठे कसा फिरवायचा त्यासाठी, छापील प्रतीवर फार जाऊ नका, बाखच्या हातची प्रत उरलेलीच नाही, बायकोने, म्हणजे अ‍ॅना माग्दालेनाने केलेली नक्कल आहे पण त्यातल्या स्लर (एका गजात घ्यायच्या स्वरांवरच्या कमानी) नेमक्या कुठून कुठे ते नीट कळत नाही, म्हणून प्रत्येक आवृत्ती वेगळी.

रेल्वे_लाइन्स:
अजून एक, आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात गजाचे केस आखडतात, वाजवून झालं की स्क्रू सैल करायचाच.

जुळे_सोलापूर:
दादा, चौथाच होता!! काल रात्री फक्त पहिली दोन मापं तासभर घोटली, चौथ्याला जेमतेम दोन बोटं गज दिला, तर आई आतल्या खोलीतून म्हणाली आज वेगळं काय वाजवतेस. आता शेवटी स्वर चढत जातात तिथे माझा गज आधीच संपतो, तिथे काय करू?