प्रार्थना कीटक नागपुरात कुठे सापडेल? ओळखायचा कसा?

तिसरीची_आई
मुलीला नाकतोडा म्हणून एक किडा दाखवला, तर तो मान वळवून तिच्याकडेच बघायला लागला. मग कळलं, हा तर खंडोबाचा किडा, म्हणजेच प्रार्थना कीटक. तेव्हापासून तिला तोच हवाय. दोन रविवार सेमिनरी हिल्स पालथी घातली, हा काही दिसून नाही राहिला. कुठे जाऊ? आणि दिसलाच तर कोणता ते कसं ठरवायचं?

कुसळीगवत
ताई, हा फिरून नाही, थांबून सापडतो. सकाळी अंबाझरी जैवविविधता उद्यानात जा, रायमुनियाचं एकच झुडूप धरा (पुण्याकडचे घाणेरी म्हणतात ते) आणि दहा मिनिटं हलू नका. फुलांवर माश्या येतात, त्यांच्यावर हा टपून असतो. बरेचदा उलटा, पानाखाली. हिरवा रंग शोधू नका, त्रिकोणी डोकं शोधा. पावसाळा सरता सरता पंखवाले मोठे दिसतात.
गवतातला वेगळा, स्किझोसेफाला. निव्वळ काडी, डोळे शिंगांसारखे टोकदार. वारा पडल्यावरही एखादी काडी डुलत असेल तर वाका अन् बघा.

गच्चीवरचा_दिवा
एवढ्या लांब कशाला जाता बाप्पा! गच्चीवर पांढरी चादर टांगा, समोर दिवा लावा. येतात ते बहुतेक नर, माद्या अंगाने जड. खात्री करायची तर पोटाखालची कडी मोजा: मादीला सहा, नराला आठ.

किडेमास्तर
वरून काढलेला एकच फोटो टाकून 'कोणता हा?' विचारू नका, वरून सगळे हिरवे सारखेच. जगात सुमारे २,४०० जाती आहेत. पुढच्या पायाची आतली बाजू दिसली पाहिजे. तिथे मुळाशी काळा ठिपका, बरेचदा मधे पांढरा, तर मँटिस रिलिजिओसा. दणकट अंग आणि पुढच्या पंखांवर एकेक पांढरट ठिपका, तर बहुधा हायरोड्युला. पंखावर डोळ्यासारखं चक्र असलेला छोटा, तो क्रिओब्रोटर.
मागचे पाय उडी मारायचे असतील तर तो नाकतोडाच. आणि डोळ्यातला काळा ठिपका ही बाहुली नव्हे. तुम्ही सरकलात की तोही सरकतो. रात्री अख्खा डोळा काळा पडतो, त्याला 'नवीन जात' म्हणणारे दरवर्षी भेटतात. फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, जीव ओळखून देणारं संकेतस्थळ आहे ते.

तिसरीची_आई
सापडला! अंबाझरीला नाही, आमच्याच कढीपत्त्यावर. बोटाच्या पेराएवढा, पंखांच्या जागी नुसत्या दोन टिकल्या. बरणीत ठेवू का?

किडेमास्तर
पिल्लू आहे, जात सांगणं कठीण. पंख फुटेपर्यंत झाडावरच असू द्या.

कुसळीगवत
बरणी नको ताई. मी एकदा काडीला चिकटलेली अंड्यांची पेटी घरी आणली होती, वाळलेल्या साबणाच्या फेसासारखी दिसते ती. दोन दिवस गावाला गेलो. आलो तर पिल्लं निघालेली, आणि उरलेली पाच जण एकमेकांकडे बघत बसलेली. बाकीची कुठे गेली ते मुलांना सांगितलं नाही.

तिसरीची_आई
बरणी परत लोणच्याला दिली. पोरगी सकाळपासून कढीपत्त्यासमोर स्टूल टाकून बसली आहे, फोडणीला पान तोडू देत नाही.