एन्ट्रॉपी वाढते, पण कुठे?

इथं चर्चेत एका सदस्यानं लिहिलंय, एन्ट्रॉपी (म्हणजे ढोबळमानानं अव्यवस्थेचं माप) वाढतच जाते, म्हणून प्रत्येक संस्था मोडकळीला येणारच. अहो, पण नियमातली अट कुठं गेली? तो विलग प्रणालीचा नियम आहे, जिच्यात ना ऊर्जा येते ना पदार्थ. आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगावातली कुठलीही पतसंस्था, म्हणजे सोसायटी, बघा; ती तशी विलग नसते. रोज दारोदारी फिरून छोट्या ठेवी गोळा करणारा पिग्मी एजंट संध्याकाळी काउंटरवर चिल्लर मोजता मोजता कुणाचे माग बंद पडले, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं हेही सांगतो. (ही पिग्मीची कल्पना उडुपीच्या सिंडिकेट बँकेची, १९२८ सालची.) त्या बातमीवर कर्ज द्यायचं की नाही हे ठरतं. चेअरमननं एजंटशी बोलणं सोडलं की बाहेरची बातमी आत येईनाशी होते, मग हळूहळू सोसायटीचा बंद डबा होतो. तिथून पुढं तुमची एन्ट्रॉपी खुशाल लावा.

मला त्यापेक्षा इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांतलं (ओतकामाच्या कारखान्यांतलं) भौतिकशास्त्र जवळचं वाटतं. एकाच भट्टीतला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस. जाड भागात सावकाश थंड झाला तर कार्बनचं ग्राफाइट होतं आणि लेथवर काम सरळ होतं. पातळ कडेला झटकन गोठला तर कडक कार्बाइड बनतं. तिथं ड्रिल नुसतं किंचाळतं. रस तोच, पण तो कसा थंड झाला ते महत्त्वाचं. म्हणून सोसायटीच्या दोन शाखांचे ताळेबंद सारखे दिसले तरी त्या सारख्या वागतील असं मी धरत नाही. एक वीस वर्षांत वाढलेली असते, दुसरी निवडणुकीच्या तोंडावर घाईत उघडलेली.