मदत हवी आहे : ऊस पेटवल्याचा संशय, पोलीस ठाण्यात नुसती 'आकस्मिक जळीत' नोंद (करवीर तालुका)

नवीलावण : नदीकाठचं रान, सव्वा एकर लावणीचा ऊस काल रात्री दीडच्या सुमाराला जळाला. पहिला जाळ पूर्वेच्या बांधाला दिसला, महावितरणच्या तारा पश्चिमेच्या टोकाला आहेत. ठाण्यात म्हणतात, तारांमुळं झालं असणार. शेजाऱ्याशी बांधाचा दावा चालू आहे. कारखान्याचा चिटबॉय (ऊस नोंदी-तोडीचं बघणारा कर्मचारी) म्हणतो, जळालेला ऊस म्हणून बिलात कपात बसणार. आधी काय करू?

फडकरी : आजच कारखान्याच्या गटऑफिसला (भागातल्या कार्यालयाला) लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत ऊस नोंदीची पावती जोडा. वाहन ठरल्याशिवाय कोयता लावू देऊ नका. जळालेला ऊस उभा असला तर जरा तरी टिकतो. तोडून पडला की कांडीच्या टोकातून जंतू शिरतात, साखर फुटते, वजनही घटतं. तोडल्यापासून गाळपापर्यंत चोवीस तासांच्या वर जाऊ देऊ नका. पण पहिला जाळ दिसला तो कोपरा, दोन गुंठे तरी, पंचनामा होईपर्यंत तसाच ठेवा. पाणी सोडू नका, ट्रॅक्टर फिरवू नका. तोडणीची टोळी लवकर यावी म्हणून मालकच उसाचा फड पेटवतो हा संशय कारखान्यात आणि ठाण्यात दोन्हीकडं असतो, तो आधीच धरून चाला.

कोर्टकचेरी : आकस्मिक जळिताची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. शेतमालाला आग लावून नुकसान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 326(एफ) खाली दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. माणसं राहतात किंवा मालमत्ता ठेवतात अशी इमारत जाळली असेल तर 326(जी), म्हणजे 10 वर्षे किंवा जन्मठेपेपर्यंत. अवजारांची खोली जळाली असेल तर तक्रारीत वेगळी लिहा.

"14 दिवस प्राथमिक चौकशी करतो" असं कुणी म्हणालं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173(3) दाखवा. ती सोय 3 वर्षे किंवा जास्त, पण 7 वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. तरीही नोंद नाकारली तर 173(4) प्रमाणे तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडं, आणि तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

शेजाऱ्याचं नाव "त्यानंच लावली" असं लिहू नका. "दाव्यामुळे संशय आहे" एवढं लिहून दावा क्रमांक द्या. जाणूनबुजून खोटा आरोप केला असं ठरलं तर न्याय संहितेचं कलम 217 आणि 248 आपल्याच अंगावर येतं.

नवीलावण : बांधावर पेट्रोलचा वास येतोय असं पोरं म्हणतात. तिथली माती पिशवीत भरून ठेवू का?

राखमाती : थांबा दादा! आपण गोळा केलेली माती कोर्टात "तुम्हीच आणलीत" म्हणून उडते. पंचांसमोर पोलिसांनीच घ्यायची. त्यांना एवढंच सांगा की साध्या प्लास्टिक पिशवीत नको, त्यातून वाफ निघून जाते. घट्ट झाकणाचा स्वच्छ पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी, दोन तृतीयांश भरलेली. वरची राख नुसती खरवडून उपयोग नाही, खालची चार-पाच सेंटीमीटर माती लागते. आग न लागलेल्या ठिकाणची तशीच माती दुसऱ्या डब्यात, तुलनेसाठी. डबे थंड जागी ठेवून लवकर पाठवावेत, कारण मातीतले जंतू पेट्रोल खाऊन टाकतात. कोल्हापुरात प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, लांब जायला नको. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे 7 वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिकाला जागेवर बोलावण्याची तरतूद आहे, ते अर्जात लिहा.

दोन-तीन ठिकाणी स्वतंत्रपणे आग सुरू झाल्याच्या खुणा असल्या तर संशय बळावतो. पण उडालेल्या पेटत्या पाचटानंही पुढं नवी आग लागते, म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचं ठिकाण जास्त बोलकं.

डीपीवाला : तारांचा प्रश्न कागदावर सुटतो. उपकेंद्राच्या नोंदवहीत फीडर (तिथून रानाकडं येणारी वीजवाहिनी) कधी चालू, कधी ट्रिप म्हणजे आपोआप बंद, त्याची वेळ असते. शेतीपंपाचा पुरवठा पाळीनं येतो. दीड वाजता तुमच्या फीडरला वीज नसेल आणि वरून दुसरी लाईन जात नसेल तर शॉर्टसर्किट कुठलं? माहिती अधिकारात त्या रात्रीची नोंद मागा. तारा एकमेकींवर आपटल्या असतील तर बरोबर त्यांच्या खाली अॅल्युमिनियमचे करडे बारीक गोळे सापडतात. ते पंचनाम्यात असावेत, नसतील तर "नाहीत" असंही लिहून घ्या. विद्युत निरीक्षकाच्या तपासणीची मागणीही अर्जात घाला.

कोर्टकचेरी : रस्त्यावरच्या दुकानांचे कॅमेरे आजच बघा, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. डीव्हीआरवरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरचं) घड्याळ आणि मोबाईलचं घड्याळ एका फोटोत घ्या, फरक पुढं महत्त्वाचा ठरतो. चित्रण पोलिसांना जप्त करू द्या, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं.

नवीलावण : पीकविम्याचं काय?

फडकरी : पंतप्रधान पीकविम्यात कुणी मुद्दाम केलेलं नुकसान वगळलेलं आहे. त्यामागं पळू नका. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, त्यात ठिबकच्या नळ्या मीटरमध्ये मोजून लिहायला लावा, बिलं जोडा. उसाचं एकरी उत्पादन अंदाजानं नको, मागच्या हंगामाच्या वजनपावत्यांवरून.

नवीलावण : अर्ज लिहून झाला. गटऑफिसला निघालोय, येताना ठाण्यात जातो.

फडकरी : अर्जाच्या दोन प्रती घ्या, पोच दुसऱ्या प्रतीवर.