‘अदखलपात्र’ म्हणजे किरकोळ का?

पारिजातक: आमच्या प्रभागात घरोघरी पाहणी चालू आहे: कुठे, किती वाजता, कसला त्रास होतो. फॉर्मात एक रकाना ‘समाजविघातक वर्तन’. लोक विचारतात, इथं कुठे दंगल झाली? दुसरा ‘दखलपात्र / अदखलपात्र’. तिथे सगळे डोळे मिटून दुसऱ्यावर खूण करतात. सोपे शब्द सुचवा.

उंबरठा: ‘समाजविघातक’ बातम्यांत दगडफेकीबरोबर येतो, लोकांचं चुकत नाही. ‘उपद्रव’ बरा. कायद्यातही ‘सार्वजनिक उपद्रव’ आहे. फक्त नागपुरात तो वापरू नका. तिथे महापालिकेचं ‘उपद्रव शोध पथक’ कचरा टाकणाऱ्यांना दंड करतं, लोक कचराच लिहितील! मला विचाराल तर ‘टवाळखोरी’.

जुना कारकून: टवाळखोरी नको हो. त्यात निकाल आधीच लागलेला असतो, कट्ट्यावर नुसती बसलेली पोरंही गुन्हेगारांत जमा होतात. दिसलं-ऐकलं तेच विचारा: रात्री दहानंतर मोठ्याने गाणी, उघड्यावर दारू, गाड्यांची तोडफोड. आणि ‘छेडछाड’ काढाच. त्या एका शब्दाखाली शेरेबाजीही जाते आणि विनयभंगही, आणि विनयभंग चांगला दखलपात्र आहे.

आता मूळ प्रश्न. ‘दखल’ म्हणजे इथे लक्ष देणं नव्हे. वॉरंटशिवाय अटक करायचा अधिकार पोलिसांना असेल तो गुन्हा दखलपात्र. अदखलपात्र असेल तर पोलीस नोंद करतात (हीच ‘एनसी’), पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १७४ मध्ये आहे. शिवीगाळ, साधी मारहाण अदखलपात्रांतच मोडतात. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या एनसीआरबीच्या वार्षिक अहवालात मोजले जातात ते दखलपात्र गुन्हे. म्हणजे गल्लीला रोज छळणारं बरंचसं त्या आकड्यांत नसतंच. तुमची पाहणी हवी ती याचसाठी, आणि लोकांना कायद्याचं वर्गीकरण करायला लावून तुम्ही तीच गाळणी पुन्हा लावताय.

पारिजातक: मग असं विचारतो: ‘पोलिसांकडे गेलात का? काय झालं? एफआयआर / एनसी / नुसता अर्ज / काहीच नाही.’

उंबरठा: ‘एनसी’ तसंच राहू द्या, ‘एनसी घेतली’ असंच सगळे म्हणतात. ‘११२ ला फोन केला’ हा पर्याय वाढवा. आणि ‘गेलो नाही’ म्हणणाऱ्यांना का, तेही विचारा. त्याला मात्र चौकटी नकोत, दोन कोऱ्या ओळी सोडा.