अपग्रेडनंतर लेखसूची उघडायला १३ सेकंद!

ताई (साइट-समिती):
नमस्कार मंडळी,
शनिवारी रात्री साइटचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, डेटाबेसही नव्या आवृत्तीवर नेला. तेव्हापासून लेखसूची उघडेपर्यंत माणूस विसरतो की आपण काय वाचायला आलो होतो. कॅशे रिकामी केली, सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. ढिम्म. कुणाला काही सुचतंय का?

काका:
सर्व्हर दमलाय बिचारा. मेमरी दुप्पट करून टाका. शिवाय तुम्ही लोक फोटो फार जड चढवता.

दादा:
काका, घाई नको. आधी वेळ कुठे जातोय ते कळू दे.
ताई, ब्राउझरमध्ये एफ१२ दाब, 'नेटवर्क' उघड आणि पान रीलोड कर. सगळ्यात वरच्या ओळीचं 'टायमिंग' बघ. सर्व्हरच्या पहिल्या बाइटची वाट बघण्यात वेळ जातोय, की उत्तर आल्यावर फोटो नि स्क्रिप्ट उतरवण्यात? दोन्हींची औषधं वेगळी. लॉगआउट करूनही एकदा मोज.

ताई:
दादा, पहिल्या बाइटलाच १२.८ सेकंद! बाकी सगळं मिळून अर्धा सेकंदही नाही, तेव्हा फोटो निर्दोष सुटले. लॉगआउट केलं तर पान झटकन येतं.

दादा:
मग लॉगइन केलेल्या माणसासाठीच चालणारी एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, रखडतेय. स्लो क्वेरी लॉग (रखडणाऱ्या क्वेरींची नोंदवही) चालू कर. त्याची मर्यादा मुळात १० सेकंद असते, ती १ वर आण, नाहीतर ९ सेकंद खाणारी क्वेरी साळसूदपणे निसटते. सापडली की तिच्यापुढे 'एक्सप्लेन' लावून चालव, डेटाबेस ती कशी शोधतो ते दिसेल.

ताई:
सापडली. 'तुम्ही हा लेख वाचलाय' अशी खूण दाखवणारी क्वेरी. वाचन-नोंदींच्या टेबलपुढे 'टाइप' रकान्यात 'ऑल' (सगळं टेबल चाळतोय), 'की' रकान्यात 'नल' (इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, वापरलेली नाही), आणि ओळी ३ लाखांच्या वर. पण दादा, त्या टेबलवर इंडेक्स आहे! मी डोळ्यांनी बघतेय.

दादा:
इंडेक्स आहे, पण वापरता येत नाहीये. दोन्ही टेबलांचा कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) तपास. माझा अंदाज, लेखांचं टेबल अपग्रेडने 'यूटीएफ८एमबी४' केलं, आणि वाचन-नोंदींचं जुन्या तीन बाइटवाल्या 'यूटीएफ८'वरच राहिलं. ते टेबल मूळ सॉफ्टवेअरचं नाही, मी वरून जोडलेलं, त्यामुळे अपग्रेडला त्याचा पत्ताच नव्हता. त्यात लेखाच्या क्रमांकाऐवजी लेखाच्या वेब-पत्त्यातल्या नावावर दोन्ही टेबलांची जोडणी करणारा शहाणाही मीच. आकडे असते तर हे झालंच नसतं. मजकुराचे सेट वेगळे असले की डेटाबेस प्रत्येक ओळ बदलून मग ताडून बघतो, आणि हे पानावरच्या प्रत्येक लेखासाठी पुन्हा.
जुन्या सेटची खोड आठवते ना? देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसतं, म्हणून मराठी नीट यायचं. बहुतेक इमोजी चार बाइटांच्या, त्या टाकल्या की पुढचा मजकूरच गायब व्हायचा.
आधी बॅकअप घे आणि मग ते टेबल एमबी४ कर. कोलेशनही (अक्षरं ताडायचे नियम) लेखांच्या टेबलचंच दे. काम चालू असताना नोंदी लिहिता येणार नाहीत, म्हणून वर्दळ नसताना कर.

ताई:
सेट तुम्ही म्हणालात तसेच निघाले. बॅकअप घेतला, पण बदलताना एरर आली: 'की' (इंडेक्समधली नोंद) फार लांब, कमाल ७६७ बाइट.

दादा:
अरे हो! तो कॉलम २५५ अक्षरांचा. तीनने गुणलं तर ७६५, काठावर बसत होता. चारने १०२०. टेबल जुन्या 'कॉम्पॅक्ट' रो फॉरमॅटमध्ये (ओळी साठवायच्या पद्धतीत) असणार. त्याच आज्ञेत फॉरमॅट 'डायनॅमिक' कर, मग मर्यादा ३०७२ होते. कॉलम १९१ अक्षरांवर कापायचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळेल, तो ऐकू नकोस. आपल्या लेखांची नावं लांबलचक असतात.

ताई:
झालं! पहिला बाइट ०.३ सेकंदात. 'एक्सप्लेन'मध्ये आता इंडेक्सचं नाव दिसतंय. वरून जोडलेली आणखी दोन टेबलं जुन्याच सेटवर आहेत, ती आज रात्री बदलते.

काका:
माझ्याकडेही लेखसूची झपाट्याने उघडली. फोटोंचं पान मात्र अजून रडतंय.

दादा:
काका, ते अपग्रेडच्या आधीपासून रडतंय. तिथे तुमचं निदान बरोबर आहे, फोटो खरंच जड आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.