रशियात व्हाउचर सगळ्यांना मिळालं, मग कारखाने मूठभर लोकांकडेच कसे गेले?

मुक्ता_वाचते:
नमस्कार मंडळी, सध्या सोव्हिएत युनियन फुटल्यानंतरच्या दहा वर्षांबद्दल वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. १९९२ मध्ये सरकारने तान्ह्या पोरांसकट जवळपास १५ कोटी लोकांना एकेक व्हाउचर दिलं, दर्शनी किंमत १०,००० रुबल, आणि सांगितलं की याच्या बदल्यात सरकारी कंपन्यांचे शेअर घ्या. म्हणजे कागदावर तरी सगळ्यांना सारखा वाटा. मग तीन-चार वर्षांत तेल, निकेल सगळं ठरावीक लोकांच्या हातात कसं गेलं? "लोकांनी व्हाउचर विकून टाकली" असं एका ओळीत सगळेच लिहितात, पण का विकली? आणि नॉरिल्स्क निकेलसारखी कंपनी १७ कोटी डॉलरला कशी काय जाते? कोणी नीट उलगडून सांगेल का प्लीज.

जुना_टपाली:
व्हाउचर ऑक्टोबर १९९२ पासून वाटायला लागले, पण त्याच्या नऊ महिने आधी काय झालं ते बघा, सगळी गोम तिथे आहे. २ जानेवारी १९९२ ला अर्थसुधारणा हाताळणारे उपपंतप्रधान गायदार यांच्या टीमने ब्रेड, दूध वगैरे थोड्या गोष्टी सोडून बाकी सगळ्याच्या किमती मोकळ्या केल्या. दुकानं रिकामी होती, तिजोरीत खडखडाट होता, त्यामुळे कधीतरी हे करावं लागणारच होतं हे मला मान्य आहे. पण त्या एका वर्षात महागाई २,५०० टक्क्यांच्या आसपास गेली. सोव्हिएत काळात लोकांकडे पैसा साठलेला होता कारण दुकानात घ्यायलाच काही नसायचं, तो सगळा सरकारी बचत बँकेत पडून होता आणि वर्षभरात मातीमोल झाला. म्हणजे आधी घरातली शिल्लक गेली आणि मग हातात व्हाउचर आलं. ज्याच्याकडे शिल्लक आहे तो माणूस शेअर धरून ठेवतो, ज्याला उद्याचं किराणा आणायचंय तो विकतो. क्रम उलटा असता तर चित्र वेगळं दिसलं असतं असं माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे व्हाउचरवर नावच नव्हतं, ज्याच्या हातात तो मालक, त्यामुळे पहिल्या दिवसापासून खरेदी-विक्री सुरू. खासगीकरणाचे प्रमुख चुबाइस टीव्हीवर सांगत होते की एका व्हाउचरची किंमत दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल, आणि बाजारात ते लवकरच दर्शनी किमतीच्याही खाली गेलं.

तिसरी गोष्ट फार कोणी सांगत नाही ती कारखान्याच्या आतली. कामगार आणि मॅनेजमेंट यांना मिळून ५१ टक्के शेअर घ्यायची सोय होती, पुस्तकी किमतीच्या १.७ पट दराने, आणि ती पुस्तकी किंमत महागाईच्या हिशोबाने वाढवलेलीच नव्हती! बहुतेक कारखान्यांनी हाच पर्याय घेतला. कागदोपत्री कामगार मालक झाले, पण भागधारकांचं रजिस्टर डायरेक्टरच्या ऑफिसात, पगार डायरेक्टरच्या हातात, आणि शेअर बाहेर विकलास तर नोकरी जाईल ही धमकीही त्याचीच. पगार महिनोन् महिने थकले की कामगार तोच शेअर मिळेल त्या भावाने डायरेक्टरच्या माणसाला देऊन टाकायचा.

व्होल्गाकाठ:
वरच्या प्रतिसादाला +१. मी ९१ च्या शेवटी मेडिकलला व्होल्गोग्रादला गेलो होतो, त्यामुळे यातलं बरंच डोळ्यांनी बघितलंय. मॉस्कोत मेट्रोच्या बाहेर गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवून माणसं उभी असायची, "व्हाउचर घेतो". त्यांच्या बाजूला बायकांची लांबच लांब रांग, एकीच्या हातात बुटांचा जोड, दुसरीकडे कपबश्या, कोणाकडे नवऱ्याचा कोट, आणि थंडी अशी की बोटं चालत नाहीत. आमच्या होस्टेलच्या दारावर एक आजी बसायच्या, त्यांनी स्वतःचं आणि नातवाचं अशी दोन्ही व्हाउचर एका गुंतवणूक फंडात टाकली. पोस्टर चकचकीत, ऑफिस मोठं, आणि एक दिवस ऑफिसला कुलूप. असे शेकडो फंड होते तेव्हा. आजींकडे ती पावती शेवटपर्यंत पासपोर्टच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेली होती, मला आजही त्याचा राग येतो.

तेलाचा_हिशोब:
मुक्ताताई, नॉरिल्स्कचं उत्तर व्हाउचरमध्ये नाहीये, तो पुढचा अंक आहे. व्हाउचर १९९४ च्या मध्यात संपले. १९९५ मध्ये सरकारकडे पैसे नाहीत, डोक्यावर राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनची निवडणूक, तेव्हा बँकर पोतानिन यांनी सुचवलं की आम्ही बँका सरकारला कर्ज देतो, तारण म्हणून मोठ्या कंपन्यांचे शेअर द्या. कर्ज सप्टेंबर १९९६ पर्यंत फेडलं नाही तर बँकेने ते शेअर विकायचे. आणि फेडायची तरतूद बजेटमध्ये केलीच नव्हती, म्हणजे निकाल आधीच ठरलेला.

आता लिलाव कसे झाले ते बघा. नॉरिल्स्कचा लिलाव पोतानिनच्याच बँकेकडे सोपवलेला, बोली १७ कोटी डॉलरपासून सुरू आणि सुटली १७.०१ कोटीला. दुसऱ्या एका बँकेची ३५.५ कोटींची बोली होती, ती बाद केली. युकोस या तेल कंपनीचे ४५ टक्के बँकर खोदोर्कोव्स्कींच्या गटाला १५.९ कोटींत, सुरुवात १५ पासून. सिबनेफ्ट या दुसऱ्या तेल कंपनीचे ५१ टक्के १०.०३ कोटींत, सुरुवात १० पासून. याच सिबनेफ्टसाठी २००५ मध्ये सरकारी गॅस कंपनी गॅझप्रॉमने १,३०० कोटी डॉलर मोजले. वर गंमत नाही, संताप येण्यासारखी गोष्ट म्हणजे अर्थखात्याचा पैसा याच बँकांच्या खात्यात ठेवलेला असायचा, म्हणजे सरकारला त्याच्याच पैशातून उधार दिल्यासारखं झालं. बदल्यात ९६ च्या निवडणुकीत हे सगळे कम्युनिस्ट उमेदवार झ्युगानोवच्या विरोधात येल्त्सिनच्या मागे उभे राहिले, पैसा आणि टीव्ही दोन्ही घेऊन.

अनिरुद्ध_पुणे:
दुसरी बाजूही मांडतो. २००५ ची किंमत घेऊन ९५ चा भाव ठरवणं बरोबर नाही. तेव्हा तेल २० डॉलरच्या खाली, कंपन्यांवर कर्जं आणि थकलेले पगार, आणि सहा महिन्यांनी कम्युनिस्ट निवडून आले तर सगळं परत सरकारजमा व्हायची भीती. त्यात परदेशी कंपन्यांना बहुतेक लिलावांत येऊच दिलं नाही. अशा वेळी भाव पडणारच. आणि पुढे युकोस, सिबनेफ्टचं उत्पादन वाढलं हेही खरं आहे.

तेलाचा_हिशोब:
भाव पडला असता हे मान्य, पण मग जास्तीची बोली बाद का केली? स्वस्तात जाणं वेगळं आणि दार बंद करून आपापसात वाटून घेणं वेगळं. उत्पादन वाढलं ते मुख्यतः ९८ नंतर, जेव्हा १७ ऑगस्टला सरकारने कर्ज फेडायला हात वर केले, डॉलरचा भाव ६ रुबलवरून २० च्या पलीकडे गेला, रशियात तेल काढायचा खर्च डॉलरमध्ये एकदम खाली आला आणि वर तेलाचे भाव चढले.

मुक्ता_वाचते:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, आता साखळी लागली. एक शेवटचं विचारते, पुतिन आल्यावर खोदोर्कोव्स्कींना पकडलं, तेव्हा लोकांना त्यांची कंपनी गेल्याचं वाईट वाटलं नाही का?

व्होल्गाकाठ:
ओळखीतल्या कोणालाच वाटलं नाही, आणि ज्यांनी ती मेट्रोबाहेरची रांग बघितलीये त्यांना का वाटावं? पण पुढे काय झालं तेही बघा. ऑक्टोबर २००३ मध्ये अटक झाली, आणि डिसेंबर २००४ मध्ये युकोसची सगळ्यात मोठी तेल उत्पादक कंपनी, युगान्स्कनेफ्तेगाझ, कराच्या थकबाकीपोटी लिलावात निघाली. घेणारी कंपनी त्वेर शहरात नुकतीच नोंदवलेली, आदल्या आठवड्यापर्यंत कोणी नावही ऐकलं नव्हतं. ९०० कोटी डॉलरच्या वर बोली, आणि चार दिवसांत ती घेणारी अख्खी कंपनीच सरकारी तेल कंपनी रोसनेफ्टने विकत घेतली. त्या आजींच्या हातात तेव्हाही काही आलं नाही.